जपानच्या सम्राटाचं आजोळ

जपानच्या दरबाराचा इतिहास नगर जिल्ह्याच्या कोरड्या टापूतल्या पोरांना शिकवून काय साधलं, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. सासऱ्यांनी विचारला, प्राचार्यांनी विचारला, एका तहसीलदारानं तर पाण्याच्या टँकरपाशी उभं राहून विचारला. दरवेळी मी हसून वेळ मारून नेली. बोलण्याचाच पगार घेत असलो तरी वर्गाबाहेर माझं तोंड फारसं उघडत नाही. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव मागितले तेव्हाही नकार लिहायला बसलो होतो. पण पन्नाशी उलटली, किती दिवस गप्प राहायचं? तेव्हा सांगतो. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल रागवावं.

आधी आमचा धंदा कसा चालतो ते सांगायला हवं. खेड्यातल्या कॉलेजातला इतिहासाचा प्राध्यापक म्हणजे नोट्स सांगणारा माणूस. पुस्तकं इंग्रजीत, पोरं मराठीतली. सकाळी आपण इंग्रजी वाचायचं, दुपारी ते मराठीत ओतायचं, आणि पोरांनी मान खाली घालून लिहायचं. स्वल्पविरामसुद्धा सांगावा लागतो. एकदा सांगता सांगता घसा कोरडा पडला म्हणून मी शिपायाला हाक मारली. सहामाहीच्या दोन उत्तरपत्रिकांत ओळ आली, 'सम्राटाने राजधानी क्योतो येथे हलविली, पाणी आण.' मी दोघांनाही पूर्ण गुण दिले. लक्ष देऊन ऐकलं होतं बिचाऱ्यांनी.

मी सांगतोय ते बहात्तरच्या दुष्काळाचं साल. मिरजगावच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत, एक नवं कॉलेज निघालं होतं. नाव सांगत नाही, आता ते त्या नावानं राहिलेलंही नाही. पत्र्याच्या पाच खोल्या आणि शेजारी बोर्डिंग. अर्धी पोरं सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडून दुपारी वर्गात यायची. हाताला फोड आल्यानं त्यांना पेन धरवत नसे. अशा पोरांना मी 'अतिपूर्वेचा इतिहास' शिकवत होतो. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात जपान सुरू होतो तो अमेरिकेची जहाजं किनाऱ्याला लागतात तिथून. त्याआधीच्या सगळ्या शतकांना एकच शब्द दिला होता, 'पार्श्वभूमी'.

त्या एका शब्दात मी आठवडेच्या आठवडे घालवले. पुढे चौकशी झाली तेव्हा मी प्राचार्यांना तोंड वर करून सांगितलं, "मी फक्त अभ्यासक्रम शिकवला." ते खरं नव्हतं. मी नेम धरून शिकवलं होतं. कुणावर, ते सांगण्याआधी काय शिकवलं ते सांगतो.

जपानचा सम्राट म्हणजे देवाचा वंशज. त्याला मारायचं नाही, त्याच्या गादीवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. मग ज्याला राज्य करायची हौस आहे त्यानं काय करावं? हजार-अकराशे वर्षांपूर्वी तिथल्या फुजिवारा नावाच्या सरदार घराण्यानं फार शांतपणे वाट काढली. त्यांनी तलवार काढली नाही, मुली दिल्या. आपली मुलगी सम्राटाला द्यायची. तिचं बाळंतपण माहेरी. पोर वाढणार आजोबांच्या अंगाखांद्यावर. ते जरा कळतं झालं की त्याच्या बापाला सांगायचं, महाराज, आता दमलात, देवाचं नाव घ्या. बाप गादीवरून उतरला की नातू बसला. नातू लहान, म्हणून कारभार आजोबांकडे. या राजप्रतिनिधीला 'सेश्शो' म्हणत. नातू मोठा झाला तर? मग आजोबांचं पद बदलायचं. आता ते 'कांपाकू'. माणूस तोच, बैठक तीच. सम्राटाकडे जाणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या हाताखालून जाणार. आणि तोवर आजोबांच्या मुलाला मुलगी झालेली असायची. ती या सम्राटाला द्यायची, म्हणजे पुढचं राज्यही घरातच.

पुस्तकी माणसं हे समजावायला साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे आणतात. मला त्याहून जवळचं सापडलं. मी फळ्यावर लिहिलं, 'सम्राटाचं आजोळ'. खडी फोडून आलेल्या, पेंगणाऱ्या पोरांनी माना वर केल्या. मागच्या बाकावरचा म्हस्के, जो हजेरीपुरताच तोंड उघडायचा, तो ओरडला, "सर, म्हंजे मामाच्या पोरीशी लगीन की वो!"

वर्ग हसत सुटला. आणि मग एकदम गप्प झाला, कारण सगळ्यांच्या नजरा तिसऱ्या बाकाकडे वळल्या होत्या. तिथं संस्थेचा अध्यक्ष बसला होता.

अध्यक्ष म्हणजे रणजित. वय वीस. संस्था त्याच्या वडिलांनी काढली, जमीन स्वतःची दिली, आणि पत्रे चढताहेत तोवर हृदयविकारानं गेले. भावकी टपलेलीच होती. रणजितच्या आईनं, सगळे तिला अक्का म्हणायचे, माहेरी निरोप धाडला आणि तिचे वडील आले. त्यांना आबा म्हणत. तेराव्यानंतर ते परत गेलेच नाहीत. कार्यकारिणीत नातवाला अध्यक्ष केलं, स्वतः साधे सभासदही झाले नाहीत. पण मी एका सभेत पाहिलं होतं. शिपाई रणजितपुढे कागद ठेवायचा आणि शेजारून आबांचं बोट यायचं, सही कुठं करायची ते दाखवायला. पोरगं कागद वाचतही नव्हतं, बोट बघायचं. सभा संपल्यावर तोच अध्यक्ष माझ्या वर्गात येऊन उभा राहायचा, "आत येऊ का सर?"

ते बोट पाहिलं आणि मी पार्श्वभूमी लांबवली. झालं कबूल करून.

त्या दिवशी तास संपल्यावर रणजितनं एकच प्रश्न विचारला. "सर, सम्राट मोठा झाल्यावर वाचायला लागत असेल ना?"

"काय वाचायला?"

"ते कागद."

"त्याच्यापर्यंत आले तर," मी म्हणालो. तो मान हलवून निघून गेला.

आबांचं बोलावणं यायला वेळ लागला नाही. ते बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात होते. रोज पोरं जेवायच्या आधी पळीभर आमटी हातावर घेऊन चाखायचे, हा त्यांचा नेम. सडपातळ म्हातारा, पांढरी मिशी, डोळे कायम कशाला तरी हसल्यासारखे. मला पाटावर बसवलं.

"मास्तर, तुमच्या त्या जपानात काय खात्यात? भाकर का?"

"भात, आबा."

"मग आपल्याच जिल्ह्यात, तिकडं डोंगराकडं अकोल्याला जायचं शिकवाया. तिकडं भात पिकतो. हितं आमच्या रेशनच्या मिलोच्या भाकरीत कशाला जपान कालिवताय?"

आचारी हसला. आबांनी आमटीत मीठ टाकायला सांगितलं आणि मग सरळच आले. "पोरं म्हंत्यात, मास्तरानं आबाचा धडा शिकिवला. मला बी सांगा की. आपुनच आपला धडा ऐकाया नगो का?"

मी सांगितला. घाबरत सुरुवात केली, पण म्हातारा असा ऐकत होता की मी रंगलो. सेश्शो सांगितला, कांपाकू सांगितला, दिलेल्या मुली सांगितल्या. त्यांनी विचारलं, "राज्य बुडिवलं का त्येंनी?"

"नाही. उलट तो काळ फार भरभराटीचा होता. चित्रं, लिखाण, मंदिरं."

"लढाया?"

"राजधानीत तरी जवळजवळ नाहीत."

"मग तुमच्या पोटात का दुखतंय?" ते जोरात हसले. "नातू ल्हान, भावकी दारात. आज्यानं न्हाई बसायचं तर कुनी बसायचं? तुमी बसताय? या. टँकर तुमी आना, तशिलीत हुबं तुमी ऱ्हावा, ह्या शंभर तोंडांत घास तुमी घाला."

म्हातारा खरंच राबत होता. त्याच्यामुळेच टँकर यायचा, धान्य यायचं. उठता उठता त्यांनी विचारलं, "आन् शेवट काय झाला त्येंचा?"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यात असा विद्यार्थी भेटला नव्हता. मी सांगून टाकलं, की पुढे एक सम्राट असा निघाला ज्याची आई फुजिवारांची नव्हती. आजोळ दुसरीकडचं. मग या आजोबांचा त्याच्यावर हक्कच उरला नाही. त्यानं कागद स्वतः वाचायला सुरुवात केली आणि तिथून घराण्याची पकड सुटली.

आबांनी पळी खाली ठेवली. "म्हंजे लग्नात चुकले," ते म्हणाले.

पंधरवड्यात साखरपुडा उरकला. रणजितला त्याच्या मामाची मुलगी, कुसुम, मॅट्रिकला बसलेली. सोयरीक तशी लहानपणापासून बोललेली होती, आपल्याकडे मामाच्या मुलीवर हक्कच असतो. पण वर्षश्राद्ध होऊन मग बघू असं चाललेलं अचानक एप्रिलवर आलं. रणजितला पुण्याला एम.ए.ला जायचं होतं. कुसुमला पुढं शिकायचं होतं, असं बोर्डिंगात भाकरी थापणाऱ्या बाया म्हणत. दोघांना कुणी विचारलं नाही. आणि हे सगळं मी, इतिहासाचा हुशार मास्तर, म्हाताऱ्याला स्वतःच्या तोंडानं शिकवून आलो होतो.

त्यानंतरच्या सभेत रणजितनं पहिल्यांदा स्वतःहून तोंड उघडलं. मी शिक्षक प्रतिनिधी म्हणून कोपऱ्यात होतो. त्यानं खिशातून कागद काढून वाचला. आबांना संस्थेचं 'आद्य मार्गदर्शक' करावं, प्रत्येक समारंभात त्यांची खुर्ची मध्यभागी असावी, आणि यापुढं कागद थेट अध्यक्षांकडे यावेत. मग कागद घडी करून खाली बसताना म्हणाला, "आणि आबा, लग्नाचं आत्ता नको. मला शिकायचंय."

आबांच्या डोळ्यांतलं हसू गेलं नाही. "मधली खुर्ची दिली व्हय," म्हणाले. "लई मोठी खुर्ची दिली, लेका." धोतराचा सोगा झटकला आणि निघाले. बाहेर जीप उभी होती. ती सरळ त्यांच्या गावाला गेली.

मला हे सगळं ओळखीचं वाटलं. कारण जपानात हुबेहूब हे घडलेलं होतं आणि ते मी वर्गात शिकवलंच नव्हतं. एका तरुण सम्राटानं आपल्या कांपाकूला फर्मान काढून एक जुनी, फार मानाची चिनी पदवी दिली. दरबारात कुजबुज झाली की पदवी मोठी आहे पण तिच्याखाली काम काहीच येत नाही. कांपाकू रुसला. त्यानं कारभाराकडे बघायचंच सोडलं. महिनोन् महिने दरबार ठप्प. रणजितला यातलं काही माहीत नव्हतं. तो आपल्या अकलेनं चालत त्याच दगडापर्यंत आला होता.

आणि आमच्याकडेही ठप्प झालं. टँकर यायचा थांबला. आबांनी कुणाला थांबवायला सांगितलं नव्हतं, फक्त ते तहसिलीत उभे राहिले नाहीत, एवढंच. धान्याची गाडी मिरजगावला येऊन दुसरीकडे वळली. पगारपत्रकं अडकली, कारण कुठला कागद कुठल्या टेबलावर द्यायचा हे फक्त म्हाताऱ्याला ठाऊक. बोर्डिंगची पोरं आंघोळीवाचून वर्गात यायला लागली. म्हस्के एक दिवस रणजितच्या तोंडावर म्हणाला, "रनजितराव, तुमचं शिकनं ऱ्हाऊ द्या. आमाला पानी पाजा." काही पोरं गाठोडी बांधून घरी निघाली. घरी पाणी होतं असंही नाही.

मग आबांचा निरोप आला. परत येतो, पण दोन अटी. लग्न ठरल्या तिथीला. आणि जपानवाला मास्तर गेला पाहिजे.

प्राचार्य मला म्हणाले, "सर, तुम्ही स्वतःच राजीनामा दिलात तर किती बरं दिसेल." मी म्हणालो, "कुणाला?" मी नोकरीत कायम नव्हतो. बायकोला दिवस गेले होते. पण राजीनामा दिला नाही. तेवढा ताठपणा कुठून आला माहीत नाही, पण आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रणजित माझ्या खोलीवर आला. सायकलवरून तहसिलीत जाऊन आला होता, कपड्यांवर धुळीचा थर. दारातच म्हणाला, "सर, हे कधी झालं होतं का? तिकडं? असं रुसून बसणं?"

"झालं होतं," मी म्हणालो. आणि त्या चिनी पदवीची गोष्ट सांगितली. तो भिंतीला टेकून ऐकत होता.

"मग? सम्राटानं काय केलं?"

खरं उत्तर असं आहे. सम्राट हटला. त्यानं स्वतःचं फर्मान मागं घेतलं, कांपाकूला सगळे अधिकार जसेच्या तसे परत दिले, आणि सगळा दोष ज्या पंडितानं फर्मानाचा मसुदा लिहिला होता त्याच्यावर टाकला. त्या पंडिताला शिक्षा व्हायची वेळ आली.

तो पंडित मला माझ्याच खोलीत बसलेला दिसत होता.

मी म्हणालो, "सम्राट हटला नाही. कारभार बरेच दिवस बंद राहिला. हळूहळू तो स्वतः सगळं शिकला. शेवटी कांपाकू आपणहून आला."

रणजितनं कपड्यांवरची धूळ झटकली. "बरं," म्हणाला, आणि सायकलला टांग मारली.

वीस वर्षं इतिहास शिकवतोय. मी विद्यार्थ्याला जाणूनबुजून खोटा इतिहास सांगितला तो एवढाच. पोराला वाचवायला सांगितला की स्वतःची नोकरी वाचवायला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. उत्तर दरवेळी वेगळं येतं. पण एवढं खरं, की तोच प्रसंग परत आला तर मी परत तेच सांगीन. एका मेलेल्या सम्राटाची अब्रू मी वाढवून सांगितली. त्यानं कुणाचं काय गेलं?

गेलं. अक्काचं गेलं. ते सांगायलाच लिहायला बसलोय.

दोन दिवसांनी अक्का आली. एकटी, डोक्यावरून पदर घट्ट. बायको चहाला उठली तर तिनं हातानंच नको म्हटलं.

"मास्तर, पोरगं तुमचं ऐकतं. त्येला सांगा, जाऊन आबाला घिऊन ये म्हनावं."

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"माझा भाऊ बोलायचा बंद झालाय. वैनीनं तर निरोप धाडला, पोरीला साखरपुड्यात बसवून आता नगं म्हंता, आमची काय इज्जत हाय का न्हाई. मी पंचमीला कुठं जाऊ? दिवाळीला कुठं जाऊ? उद्या माझा बाप गेला तर तोंड बघू देत्याल का मला?" तिचा आवाज जराही चढला नव्हता. "मालक गेले. आता म्हायेर बी जाऊ देऊ का?"

मला काढायच्या अटीचा तिनं शब्दही उच्चारला नाही, हे मी तेव्हाच मनात नोंदवलं. तरी मी म्हणालो, "नाही सांगणार, अक्का."

"का?"

"सही त्याची आहे. ती त्यानंच करायला पाहिजे. आणि लग्नही त्याचंच आहे."

"आन् त्यात माझं काय?"

माझ्या नोट्समध्ये सम्राट होते, आजोबा होते, नातू होते. ज्या मुली दिल्या गेल्या त्यांना मी नावही दिलं नव्हतं. 'मुलगी दिली', पूर्णविराम, नवा परिच्छेद. अक्का उठली, "बरं," म्हणाली, बायकोला "जप गं बाई, जड काय उचलू नगं," एवढं सांगितलं, आणि गेली.

त्याच आठवड्यात ती गाठोडं घेऊन एस्टीनं माहेरी गेलेली लोकांनी पाहिली. सगळ्यांनी ओळखलं, समेटाला गेली. बोर्डिंगची पोरं तर टँकरच्या वाटेवर जाऊन बसली. पण अक्का दुसऱ्या गाडीनं परत आली आणि तिच्यामागून बातमी आली. लग्न मोडलं. आबा येणार नाहीत, कधीच नाहीत.

पुढं जे झालं ते मोठं शौर्याचं वगैरे नव्हतं. रणजित रोज तहसिलीच्या ओट्यावर जाऊन बसायला लागला. कुणी हाकललं तर पुन्हा बसायचा. टँकर रोजचा एक दिवसाआड झाला, पण आला. पगार उन्हाळ्यात झाले. म्हस्के आणि आणखी काही पोरं खडीच्या मजुरीतून आपलं धान्य स्वतः आणायला लागली. म्हस्के मला म्हणाला, "सर, आता आमी बी कांपाकू." मात्र भावकीनं सोडलं नाही. आबा नाहीत हे पाहून चुलत्यांनी कार्यकारिणीत माणसं घुसवली आणि दोन-तीन वर्षांत संस्था दुसऱ्या मोठ्या संस्थेत विरघळली. नव्या कारभाऱ्यांनी मला पुढची ऑर्डर दिली नाही. मला नोकरी मिळाली ती, खरंच, अकोल्याकडे, भाताच्या मुलखात. आबांनी म्हटल्याप्रमाणे.

म्हणजे म्हाताऱ्याचं भाकीत बरोबर होतं का? आज्यानं न बसायचं तर कुणी बसायचं? जे बसले ते आबांच्या नखाचीही सर नसलेले होते, हे मी मान्य करतो. तरी मी म्हणतो, पोरानं सही स्वतः केली हे बरोबरच झालं. स्वतः वाचून केलेल्या सहीनं गेलेली संस्था मला बोट बघून केलेल्या सहीनं टिकलेल्या संस्थेपेक्षा जास्त मान्य आहे. कुणाला हा मूर्खपणा वाटला तर वाटो.

रणजित बी.ए.ला बसला. पहिला वर्ग हातचा जाऊन तो दुसऱ्यात आला, तोही माझ्याच विषयानं. नंतर पुण्याला गेला, वकील झाला, आता नगरला असतो. काही वर्षांनी एका लग्नात भेटला तेव्हा हसत म्हणाला, "सर, पेपरात ते रुसलेल्या कांपाकूचं आलं होतं. पार्श्वभूमीवर टीप लिहा म्हणून. मी तुमचंच लिहिलं. सम्राट हटला नाही. मार्क गेले."

माझ्या हातातलं ताट तिरपं झालं. "अरे, मी तुला..."

"माहीत होतं. लायब्ररीत पुस्तक होतं की. परीक्षेच्या आधी वाचलं."

"मग तरी लिहिलंस?"

"तिथं हटला असेल, सर. मी कसं लिहू?"

यानं माझं ओझं निम्मं व्हायला हवं होतं. पण मला त्या वेळी अक्का आठवत होती. रणजितनं जे कमावलं त्याची किंमत तिनं भरली होती. पंचमीला तिला न्यायला माहेराहून कुणी आलं नाही. आबा वारले तेव्हा निरोप तिसऱ्या दिवशी आला. हे मी लोकांकडून ऐकत राहिलो. तिच्यासमोर जायचं मात्र टाळत राहिलो. वर्गात आता मी तो धडा मुलींपासून सुरू करतो, आयांपासून. एका राजमातेनं तर कारभार कुणाला द्यायचा यावरून मुलाच्या शेजघरात जाऊन, तो हो म्हणेपर्यंत हटायचं नाकारलं होतं. हेही पुस्तकात होतं. मला तेव्हा दिसलं नव्हतं.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा वाटलं, तिला न विचारता छापणं म्हणजे दुसऱ्यांदा तेच करणं. यंदा उन्हाळ्यात गेलो. ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. केस पांढरे झालेत, हात तसाच झपाझप चालतो. बसायला पोतं पुढं केलं. मी इकडचं तिकडचं बोलून शेवटी सगळं सांगितलं. नेम धरून शिकवलं ते, आबांना शेवट सांगितला ते, पोराला खोटं सांगितलं ते. म्हणालो, "अक्का, माझ्या धड्यापायी तुमचं माहेर तुटलं. त्या दिवशी तुम्ही दारात आलात आणि मी नाही म्हणालो."

तिनं चिंचोके बाजूला केले. मला वाटलं रडेल. ती हसत होती.

"तुमच्या धड्यानं मोडलं म्हंता व्हय?"

"नाहीतर कशानं?"

"मी गाठोडं घिऊन गेल्ते, त्यात काय हुतं म्हाईत हाय?"

"नाही."

"साखरपुड्याचं. त्येंनी पोराला केलेली कापडं, आंगठी, नारळ, समदं. आबाच्या म्होरं नेऊन ठिवलं. म्हनलं, आबा, मी बोलावलं म्हनून तुमी आला, तुमचं उपकार हायती. पन पोरगं माझं हाय. कुसुमला बी शिकू द्या, त्येला बी शिकू द्या. वैनी वरडाया लागली. आबा म्हनले, ह्या उंबऱ्याला परत पाय लावू नगंस. म्हनलं, न्हाई लावत. पानी बी न्हाई पेले. गाडी लागलीच हुती, बसले."

"मग माझ्याकडं कशाला आला होतात? पोराला सांगा म्हणून?"

"वाटलं, तुमच्या सांगन्यानं पोरगं वळलं तर ही पाळी माझ्यावर न्हाई यायची. बाईला बापाशी भांडाया सोपं वाटतंय का तुमास्नी? तुमी न्हाई म्हनला. पोरगं सायकलवर फिरत हुतं. मंग कळलं, हे दोगं नुसतं बोलनार. घरी येऊन गाठोडं बांधलं."

"रणजितला ठाऊक आहे?"

"त्येला काय करायचंय? त्येला वाटतंय त्यानं मोडलं. वाटू द्या." तिनं पुढची चिंच उचलली. "तुमी मातर इतकी वर्सं फुकाट झुरला, मास्तर. माझ्या म्हायेराचं पाप सवताच्या डोक्यावर घिऊन हिंडला, मला इचारलं बी न्हाई. आता लिवताय तर नीट लिवा. तुमी शिकिवलं, पोरगं बोललं. मोडलं मी."